‘म्हणे’ आणि ‘समजते’: वार्तेच्या भाषेतील उत्तरदायित्व

ऐकीव वार्ता सांगताना मराठी भाषक वाक्यात ‘म्हणे’ हे पद योजतो. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ या वाक्यांत वार्ता एकच. भेद आहे तो वक्त्याने पत्करलेल्या जबाबदारीत. वृत्तपत्री गद्याने मात्र बोलीतील हे पद टाळून ‘असे समजते’, ‘असे कळते’ हे प्रयोग रूढ केले. हा फरक केवळ शिष्टतेचा नव्हे. ‘म्हणे’मुळे वक्ता वार्तेपासून अंतर राखतो, ‘समजणे’ व ‘कळणे’ या क्रियापदांत, जे समजले ते खरेच असावे, असा ध्वनी असतो. शिवाय कोणास समजले आणि कोणाकडून, हे दोन्ही वाक्याबाहेरच राहते.

या भेदाचे मोल पुण्याला १८९७ साली कळून आले. त्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी शहरात घरझडत्या घेतल्या होत्या. फर्ग्युसन कॉलेजातील प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढील साक्षीसाठी इंग्लंडात गेले होते. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे ‘मँचेस्टर गार्डियन’मधून केला. परतल्यावर पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. पत्रलेखकांची नावे मात्र सांगितली नाहीत. अत्याचार घडलेच नव्हते, असे या माफीने ठरत नाही. ऐकीव गोष्ट आपण स्वतःच्या शब्दावर सांगितली आणि ती सिद्ध करता येत नाही, एवढेच त्यांनी मान्य केले. तरीही त्यांच्यावर भित्रेपणाचा आरोप झाला. लोकानुरंजनाच्या राजकारणाचे मर्म येथे दिसते: आरोप करणाऱ्यास टाळ्या मिळतात, तो मागे घेणाऱ्यास निंदा.

आज वार्तेचा वाहक प्रत्येक जण आहे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश भ्रमणध्वनीवरून पसरत असता, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे धाडलेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास प्रारंभ केला. ही खूण म्हणजे यंत्राने जोडलेले ‘म्हणे’च होय, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण ‘म्हणे’ उच्चारणारा स्वतः संशयास जागा ठेवतो. यंत्राची खूण धाडणाऱ्याकडून असे काहीच वदवीत नाही.

एका पदाने राईनपाड्याचा जमाव थांबला असता, असा आमचा दावा नाही. भटक्या जमातींविषयीचा जुना संशय संदेशापूर्वीच तेथे होता, आणि तो भाषेने निर्माण केलेला नव्हता. तथापि वृत्तपत्रांना या संदर्भात नामानिराळे राहता येणार नाही. १९७८च्या कायद्यान्वये प्रेस कौन्सिल वृत्तपत्रास ताकीद देऊ शकते, त्याची निर्भर्त्सना करू शकते. दंड करू शकत नाही. म्हणून उत्तरदायित्वाचा बराचसा भार संपादकाच्या वाक्यरचनेवर आणि वाचकाच्या सवयीवर येऊन पडतो.

आमच्या विभागातील अभ्यासकांनी या दृष्टीने एक साधे काम हाती घ्यावे. एखाद्या दैनिकाचा एका वर्षाचा संच घेऊन ‘समजते’ने संपणारी विधाने टिपावीत, आणि त्यांपैकी किती विधानांची दुरुस्ती पुढे छापली गेली, कोणत्या पानावर व किती ओळींत, हे पाहावे. दुरुस्ती छापणाऱ्या संपादकाविषयी वाचकांचा आदर वाढतो की घटतो, हा प्रश्न त्यानंतर विचारता येईल. गोखल्यांच्या बाबतीत पुण्याने त्याचे दिलेले उत्तर भूषणावह नव्हते.