ध्येयसाधनेचे दर्शन आणि किशोर प्रेक्षक

१

किशोरवयीन मुले एखाद्या ध्येयाचा पाठलाग करताना दाखविणारे दूरचित्रवाणीवरील वास्तवदर्शी कार्यक्रम, म्हणजे ज्यांना आता सर्वत्र ‘रिअॅलिटी शो’ म्हणतात ते, त्याच वयाच्या प्रेक्षकांस कितपत योग्य आहेत, हा प्रश्न बहुधा पालकांच्या दक्षतेचा अथवा कायद्याचा म्हणून चर्चिला जातो. परंतु या कार्यक्रमांस एक ठराविक रूपबंध आहे, आणि ज्यास रूपबंध आहे त्याचे परीक्षण वाङ्मयीन कसोट्यांनी करणे शक्य असते. किंबहुना, एखादी कथा मुलांनी ऐकावी की ऐकू नये याचा निर्णय तिच्या विषयावरून करता येत नाही. ती कथा काय दाखविते आणि काय गाळते, हे पाहावे लागते.

या दृष्टीने विचारार्ह असे उदाहरण मराठीत आहे. झी मराठी वाहिनीवर २००८-०९ मध्ये झालेल्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ या गायनस्पर्धेच्या अंतिम फेरीत पाच मुले पोचली: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन. त्यांतील मुग्धा वयाने सर्वांत लहान होती. विजेतेपद कार्तिकीस मिळाले. अवधूत गुप्ते व वैशाली सामंत हे परीक्षक होते आणि सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांनी केले. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवरील मुलामुलींच्या दृष्टीने या स्पर्धेचे वैशिष्ट्य असे की, पडद्यावर गाणारी मुलगी त्यांच्याच जिल्ह्यातली, त्यांच्याच बोलीच्या परिसरातली होती. मुंबईच्या समोरच असूनही खाडीपलीकडे राहिलेल्या या प्रदेशास असा अनुभव वारंवार येत नाही.

२

या कार्यक्रमाच्या बाजूने जे म्हणता येते, ते प्रथम नि:संदिग्धपणे मांडले पाहिजे. अभंग, नाट्यपदे, भावगीते, लावणी हा जो मराठी गायनाचा संचित ठेवा, तो ही मुले गात होती. आणि त्यांचे समवयस्क प्रेक्षक तो ऐकत होते. वडीलधाऱ्यांच्या आग्रहाने जे गाणे मुले ऐकत नाहीत, ते समवयस्काच्या कंठातून आले म्हणजे आपलेसे वाटते. अभिरुचीच्या संक्रमणाचे हे कार्य शाळेतील पाठ्यक्रमास क्वचितच साधते. त्या काळातील अमेरिकन संगीतवाहिनीवरील ‘मेड’ या कार्यक्रमाशी तुलना केली असता हा गुण अधिक उठून दिसतो. तेथे एखाद्या शाळकरी मुलास किंवा मुलीस मार्गदर्शक नेमून देऊन थोड्या आठवड्यांत ‘कोणीतरी’ बनविण्याचा खटाटोप असे. ध्येय होते ते स्वत:चे रूप पालटण्याचे. मराठी कार्यक्रमातील मुलांपुढे त्यांच्याहून मोठी अशी एक वस्तू, म्हणजे गाणे, होती. ज्या ध्येयकथेत स्वत:पलीकडची वस्तू असते, ती किशोर मनास अधिक निरोगी ठरते.

आक्षेप आहे तो रूपबंधावर. त्याची तीन अंगे येथे पाहता येतील.

पहिले अंग श्रमाचे. गायनकलेत सिद्धी ही रियाजाने येते, आणि रियाज म्हणजे काळ: एकच पलटा शंभर वेळा, एकच स्वर लागेपर्यंत. पडद्यावर हा काळ येत नाही, आला तर काही क्षणांच्या दृश्यांत संक्षिप्त होऊन येतो. प्रेक्षकास दिसते ते गाणे आणि त्यावरील निर्णय. परिणामत: साधना अदृश्य राहून ध्येय आणि फळ एवढेच उरते. घरी बसून पाहणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलास यातून जो निष्कर्ष सुचतो तो असा, की गुण हा उपजत असतो आणि तो आपल्यात नाही.

दुसरे अंग मूल्यमापनाचे. या कार्यक्रमात परीक्षक गुणांऐवजी स्वर देत, आणि उत्तम गाण्यास ‘वरचा सा’ मिळे. कल्पना चतुर आहे खरी. पण तिच्यातील विपर्यास लक्षात घेण्यासारखा आहे. संगीतात षड्ज हा आधार असतो, आणि ऋषभ हा निषादाहून कमी प्रतीचा नसतो. प्रत्येक स्वराचे मोल रागातील त्याच्या स्थानावरून ठरते. स्वरांची पायरी करून ती गुणपत्रिकेस जोडली म्हणजे ऐकणारे मूल सप्तकाकडेही परीक्षेच्या निकालासारखे पाहू लागते.

तिसरे अंग बाद होण्याचे, आणि हेच सर्वांत गंभीर. एडवर्ड बुलो याने १९१२ मध्ये मांडलेली ‘मानसिक अंतरा’ची कल्पना मराठी समीक्षेस परिचित आहे. रंगभूमीवरील अश्रू खरे नाहीत, हे जाणत असल्यामुळेच प्रेक्षक कारुण्याचा आस्वाद घेऊ शकतो. वास्तवदर्शी कार्यक्रमात स्पर्धेबाहेर गेलेल्या मुलाचे अश्रू खरे असतात. परंतु पार्श्वसंगीत, कॅमेऱ्याची जवळीक आणि निकालापूर्वीचा लांबविलेला विराम ही सारी साधने नाटकाची असतात. प्रौढ प्रेक्षक हे दोन्ही वेगळे करू शकतो. समवयस्क प्रेक्षकास ते जमत नाही, कारण त्याचे अंतर मुळातच सर्वांत कमी असते. शिवाय मोबाइलवरून कौल पाठविण्याच्या प्रथेमुळे तो केवळ साक्षी राहत नाही, निवाड्यात सहभागी होतो. आणि हा कौल गाण्यास द्यावा की आपल्या गावास, हा विवेक त्यास कोणी शिकविलेला नसतो.

३

स्पर्धेला मुळातच विरोध करावा, असा याचा अर्थ नाही. स्पर्धा रायगडच्या लोकपरंपरेसही अपरिचित नाही. दक्षिण रायगड आणि रत्नागिरीकडे जाखडी नृत्यात शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात, पद्यातून सवाल टाकतात आणि पद्यातूनच जबाब मागतात. तेथेही ईर्ष्या असते, हारजीत असते. परंतु हरलेला पक्ष नाहीसा होत नाही; पुढच्या गणेशोत्सवात तोच पुन्हा उभा राहतो. तालीम वाडीतच चालत असल्याने लहान मुलांस सादरीकरणाआधीची चुकामुक व घाम दोन्ही दिसतात. म्हणजे ज्या दोन गोष्टी पडद्यावर गळतात, श्रमाचा काळ आणि पराभवानंतरचे सातत्य, त्या येथे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर राहतात.

याहून जुनी कसोटी कीर्तनातील ध्रुवाख्यानाची आहे. ध्येयाचा ध्यास घेतलेल्या बालकाची ही आपल्याकडील आद्य कथा. पित्याच्या मांडीवर एकालाच जागा आहे आणि तेथून आपणांस उठविले गेले, या अपमानातून ती सुरू होते. पण ध्रुव त्या मांडीसाठी उत्तमाशी झगडत नाही. नारद त्यास प्रथम परावृत्त करू पाहतो, त्याचा निश्चय पाहून मग मार्ग सांगतो. आख्यानाचा मोठा भाग तपाचाच असतो. आणि शेवटी जे अढळपद मिळते त्यासाठी दुसऱ्या कोणास उठवावे लागत नाही. कीर्तनकाराने तप गाळून केवळ वरप्रदान सांगितले, तर आख्यान कोसळेल. आजचा कार्यक्रम मात्र मांडीच्या प्रसंगापाशीच थांबतो आणि तोच दर आठवड्यास पुन्हा घडवितो.

४

विशेष हे की, ‘लिटिल चॅम्प्स’च्या प्रेक्षकांनी हा रूपबंध मानला नाही. अंतिम फेरीतील पाचही मुले ‘पंचरत्न’ म्हणूनच ओळखली गेली. २०२१ मध्ये याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात ते पाचही जण परीक्षणासाठी एकत्र बसले. विजेती आणि उरलेले चौघे एकाच रांगेत. बारा वर्षांपूर्वीचा निकाल कलेच्या दृष्टीने किती गौण होता, याची कबुली कार्यक्रमानेच अशा रीतीने दिली.

तथापि या पाचांच्या यशावरून सर्व प्रकाराचे समर्थन करणे युक्त नव्हे. २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयास, नृत्यस्पर्धांतून मुलांना वयास न शोभणारे हावभाव करावयास लावू नयेत, अशी सूचना वाहिन्यांस द्यावी लागली. बालकामगारविषयक नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने बालकलाकारासाठी दिवसास पाच तासांची कमाल मर्यादा घातली आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याचे बंधन आणले. या तरतुदी आवश्यक आहेत. परंतु त्या रंगमंचावरील मुलाचे रक्षण करतात. पडद्यासमोरील मुलाच्या मनात ध्येयाची कोणती प्रतिमा उभी राहते, याचे नियमन कोणत्याही कलमाने होणार नाही. ते कार्य घराचे, शिक्षकाचे आणि समीक्षेचे आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येत नाही. ज्या कार्यक्रमात ध्येयवस्तू स्पर्धकाहून मोठी आहे, साधनेचा काळ दिसतो, आणि मागे पडलेल्या मुलाची कथा तेथेच तोडली जात नाही, तो किशोरांनी अवश्य पाहावा. या तीन कसोट्यांपैकी पहिली ‘लिटिल चॅम्प्स’ने पूर्ण केली, दुसरी केली नाही, आणि तिसरी स्वत:च्या रूपबंधाविरुद्ध, प्रेक्षकांच्या स्मरणशक्तीमुळे, उशिराने पूर्ण झाली. अलिबागच्या किनाऱ्यावर ती स्पर्धा पाहिलेल्या मुलांपैकी ज्यांनी पुढे पेटी उघडून स्वर लावून पाहिला, त्यांना तिने काही दिले असे म्हणता येईल. ज्यांनी केवळ कौल पाठविला, त्यांच्या हाती दुसऱ्याचा निकाल तेवढा राहिला.