सूर्यफुलाची नोट

पगाराच्या नोटा आपण मोजतो, पाहत नाही. परंतु माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हॉलंडची पन्नास गिल्डरची नोट पुढे ठेवली आणि मी पाहातच राहिलो. ओक्सेनार या चित्रकाराची ही १९८२ सालची करामत: भले थोरले सूर्यफूल, अन् त्यावर मधमाशी! याच गृहस्थाने हजाराच्या नोटेवर स्पिनोझाच्या केसांत स्वतःच्या बोटाचा ठसा दडविला होता. मास्तर असूनही मला हा व्रात्यपणा आवडला. २००२ साली गिल्डर जाऊन युरो आला. त्यावर पूल आहेत. पण कोणा देशाने रुसू नये म्हणून सगळे कल्पनेतले. रेखाटन निर्दोष, तरी जीव कशातच गुंतत नाही. पुढे स्पाइकेनिस या डच गावाने ते पूल खरोखरच बांधून काढले, रंगसुद्धा नोटांचेच!