पेटी घरपोच, पण उचल कोणाची?

पत्रिकेवर आजचा विषय 'शेतमाल विक्रीची मॉडेल्स' असा छापलाय. मी त्यातल्या एकाच मॉडेलवर बोलणार आहे, आणि फारसं चांगलं बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते मॉडेल म्हणजे 'शेतकऱ्याकडून थेट ग्राहकाकडे'. उदाहरण हापूसचं घेतो. माझं घर देवगड तालुक्यातलं, आणि पुण्यात बसलेल्या तुमच्यापैकी निम्म्यांनी अशी थेट पेटी कधी ना कधी मागवली असणार. (हशा)

या मॉडेलची मांडणी सोपी आहे. ग्राहक मोजतो ती किंमत आणि शेतकऱ्याला मिळते ती किंमत, यांच्यामध्ये दलाल बसलाय. तो काढा, म्हणजे दोघांचं भलं. पुराव्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या एका अभ्यासातले आकडे दाखवले जातात. ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत सुमारे 33 पैसे, कांद्यात 36, बटाट्यात 37. आकडे खरे आहेत. पण उरलेले पैसे दलालाने खाल्ले, हे त्या आकड्यांत कुठेच नाही. त्यात गाडीभाडं आहे, हमाली आहे, सडलेला माल आहे, किरकोळ दुकानदाराचं भाडं आहे. दलाल हटला तरी ही कामं राहतातच, ती कोणाच्या तरी अंगावर पडतात.

कोणाच्या, ते बघा. माझ्या चुलतभावाने तीन हंगाम थेट विक्री केली. एप्रिलअखेर बागेत तोड जोरात, आणि तेव्हाच हा शहरात स्टॉल टाकून बसलेला. इकडे झाडावर चढणाऱ्या गड्यांवर लक्ष कोण ठेवणार? आंबा आढीत घालायचा, पिकत आल्यावर निवडायचा, पेटीत भरायचा. कापल्यावर साका निघाला तर ग्राहक फोटो पाठवतो आणि बदली फळ मागतो. मागणारच, त्याचं चुकत नाही. पण साका बाहेरून दिसत नाही, आणि ते नुकसान आता सगळं याच्या खिशातून.

त्याहून मोठी अडचण फळाच्या आकाराची. तुम्हाला मोठं, एकसारखं, बिनडागी फळ हवं. झाड तसं मोजून देत नाही. निवडक फळ तुमच्याकडे आलं की उरलेला मध्यम, बारीक, डागी माल वाशीला किंवा किलोच्या भावाने कॅनिंगला जातो. वाशीत लॉट बघून भाव फुटतो, वरचं फळ काढलेल्या लॉटला पडताच भाव. म्हणजे थेट विकलेल्या पेटीवरचा नफा सांगताना मागे राहिलेल्या मालाचा तोटाही धरला पाहिजे. कौतुकाच्या लेखांत तो हिशेब मी अजून तरी वाचलेला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही सगळी मॉडेल्स एप्रिलपासून पुढचं बघतात. आंब्याचा व्यवहार त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच ठरलेला असतो. खत, मग मोहोरावरच्या फवारण्या, तुडतुडे, फुलकिडे, राखणदाराचा पगार. पैसा आधी लागतो आणि फळ नंतर येतं. बँकेत जावं तर सातबारा सामाईक. त्यावर काका, आत्या, मुंबईतले चुलते, कोणी वारलेले, वारस लागलेले नाहीत. सह्या जमेपर्यंत मोहोर येऊन जातो. मग पैसे देतो कोण? वाशीचा दलाल. त्याला आमच्याकडे उचल म्हणतात. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जायचा, आणि हंगाम संपल्यावर पट्टी येईल ती मान्य करायची.

मी दलालाची वकिली करायला उभा नाही. पट्टीतला भाव खरा की खोटा, हे तपासायची सोय उचल घेतलेल्याला नसते. व्याज वेगळं लिहिलेलं नसतं, ते भावातच मुरलेलं असतं. आमच्या घरीच एका वर्षी पट्टी पाऊस लागल्यावर आली, आणि त्यातल्या दोन पेट्यांचा पत्ताच नव्हता. विचारायची हिंमत कोणी केली नाही, कारण पुढच्या उचलीची वेळ आली होती.

म्हणूनच 2016 च्या सुधारणेबद्दल माझी तक्रार आहे. सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, आवाराबाहेर कुठेही विका म्हटलं, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. कागदावर चांगलंच काम. पण ज्याने आपलं विकायचं स्वातंत्र्य ऑगस्टमध्येच गहाण टाकलंय, त्याला एप्रिलमध्ये ते वापरता येत नाही. उचलीला त्या सुधारणेने हात लावला नाही.

अमूलचं उदाहरण लगेच दिलं जातं. दूध दिवसातून दोनदा निघतं, बारा महिने निघतं, पैसा फिरत राहतो. हापूस वर्षातून अडीच-तीन महिने. खरं जवळचं उदाहरण द्राक्षाचं. 1991 मधली महाग्रेप्स असो की नाशिकजवळच्या मोहाडीची सह्याद्री, यांनी मधली कडी काढली नाही, स्वतःच ती कडी झाले: पॅकहाऊस, शीतगृह, निर्यात, बागेतला सल्ला, सगळं शेतकऱ्यांच्या संस्थेने अंगावर घेतलं. त्याला भांडवल लागलं, वर्षं लागली. स्टॉल आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांना त्याच ओळीत बसवणं मला पटत नाही.

थेट विक्री बंद करा, असं मी म्हणत नाही. पण पुण्यातल्या एखाद्या सोसायटीने सप्टेंबरमध्ये निम्मे पैसे भरले, आणि मोहोर गळाला तर तोटा बागायतदाराबरोबर वाटून घेतला, तर त्या मॉडेलबद्दल मी वेगळं बोलेन.

भावाचं पुढे काय झालं ते सांगतो. चौथ्या वर्षी फवारणीला पैसे नव्हते. त्याने ग्रुपवर आगाऊ नोंदणीबद्दल विचारलं. बहुतेकांचं उत्तर आलं, 'आंबा आला की नक्की कळवा.' त्याच आठवड्यात वाशीहून जुन्या दलालाचा फोन आला. त्याने एवढंच विचारलं, 'किती पाठवू?'