तीन गुणांनी संपलेल्या मॅचचा तक्ता कसा वाचाल?

१८ जून २०१३, एनबीए फायनल्सची सहावी मॅच. मायामी हीट १०३, सॅन अँटोनिओ स्पर्स १००, तेही ओव्हरटाइममध्ये. स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे होते, म्हणजे ही मॅच जिंकली असती तर विजेतेपद तिथेच त्यांचं झालं असतं. बास्केटबॉल कधी बघितलं नसेल तरी काही बिघडत नाही. आज आपल्याला फक्त मॅचनंतर छापला जाणारा खेळाडूंच्या आकडेवारीचा तक्ता, म्हणजे बॉक्स स्कोअर, वाचायचा आहे. पीएचडीला रजिस्टर करण्याआधी प्रत्येकाने असा एक तक्ता फोडून बघावा असं माझं ठाम मत आहे. यात कुणी आकडे लपवलेले नसतात, आणि तरीही तो फसवतो.

वरवर बघा. लेब्रॉन जेम्स: ३२ गुण, १० रिबाउंड, ११ असिस्ट. समोर टिम डंकन: ३० गुण, १७ रिबाउंड. मग खाली कुठेतरी रे अ‍ॅलन: ९ गुण. तुमची नजर या ओळीवरून सरळ पुढे जाईल. पण त्या ९ मधले ३ गुण चौथ्या क्वार्टरची ५.२ सेकंदं उरलेली असताना आले, स्पर्स ९५-९२ ने पुढे असताना. तो शॉट बसला नसता तर ओव्हरटाइमच झाला नसता. तक्त्यात मात्र तो पहिल्या क्वार्टरमधल्या कुठल्याही थ्री-पॉइंटरइतकाच.

म्हणजे पहिली गोष्ट, बेरीज करताना वेळ पुसली जाते. डंकनचंच घ्या. त्याचे २५ गुण पहिल्या हाफमध्ये झाले होते आणि चौथा क्वार्टर अधिक ओव्हरटाइम मिळून शून्य. जेम्सचे तीन क्वार्टर संपेपर्यंत १४ होते, पुढचे १८ त्यानंतर. ३० आणि ३२ हे आकडे शेजारी ठेवले की दोघं सारखेच खेळले असं वाटतं. तुम्ही अठ्ठेचाळीस तास रिअ‍ॅक्शन चालवून फक्त शेवटचं यील्ड लिहिलंत तर नेमकं हेच होतं. आकडा बरोबर असतो, पण ग्राफ कुठे वाकला ते कुणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: रकाने कुणी ठरवले? अ‍ॅलनच्या शॉटआधी जेम्सचा शॉट हुकला होता. ख्रिस बॉशने रिबाउंड घेऊन बॉल अ‍ॅलनकडे दिला. बॉशच्या खात्यात रिबाउंड आणि असिस्ट पडले, छान. पण त्या क्षणी डंकन बाकावर बसलेला होता, प्रशिक्षक पोपोविच यांनी त्याला बाहेर काढलं होतं. मैदानावर नसलेल्या सर्वोत्तम रिबाउंडरला रकाना नसतो. आणि रकाने काही वरून आलेले नाहीत. ब्लॉक आणि स्टील एनबीएने अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या मोसमात. ११ विजेतेपदं मिळवणारा बिल रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. ज्याच्या बचावाने खेळ बदलला म्हणतात, त्याच्या ब्लॉकची अधिकृत संख्याच नाही. नोंद नसणं आणि शून्य असणं यातला फरक डेटा क्लीन करताना किती जण पाळतात, ते आपापल्या लॅबमध्ये बघा!

यावर उपाय म्हणून प्लस-मायनस आला: खेळाडू मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे गेला. याच मायामी संघातल्या शेन बॅटिएवर मायकेल लुईस यांनी २००९ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला होता. तक्त्यात साधा दिसणारा, पण तो मैदानावर असला की संघ सुधारतो, असा खेळाडू. कल्पना सुंदर आहे. पण एका मॅचपुरता हा आकडा मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो. पाच जणांचं श्रेय-अपश्रेय एकत्र मिसळलेलं असतं आणि नमुना असतो काही मिनिटांचा.

आता खरी गंमत. शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्पर्सच्या जिनोबिलीने दोनपैकी एक फ्री थ्रो हुकवला, मग कवाय लेनर्डनेही दोनपैकी एक. ‘दबावाखाली कोसळले’ हा निष्कर्ष लगेच निघाला. थांबा. दोघेही दहातले साधारण आठ टाकणारे. ०.८ धरा, प्रत्येक थ्रो स्वतंत्र धरा. चारही बसण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे ४१ टक्के. किमान एक हुकण्याची ५९ टक्के. दोन किंवा जास्त हुकण्याची सुमारे १८ टक्के. दबाव अजिबात नसतानासुद्धा पाच-सहा वेळांत एकदा हेच घडलं असतं. दबाव नव्हता असं मी म्हणत नाहीये, फक्त या चार थ्रोंवरून तो सिद्ध होत नाही. तुमच्या डिस्कशन चॅप्टरमध्ये ‘यावरून दिसून येते की’ लिहिताना आधी हा हिशेब करा. व्हायवात परीक्षक करणारच आहेत.

आणि अटीतटीच्या मॅचमध्ये ‘कारण’ हा शब्द आणखी घसरडा होतो. ४८ मिनिटं ९५-९५ वर संपली. म्हणजे स्पर्सचा कुठलाही एक जादा गुण पुरला असता. जिनोबिलीच्या ८ टर्नओव्हरपैकी कुठलाही एक. माइक मिलरने चौथ्या क्वार्टरमध्ये एका पायात बूट नसताना मारलेला थ्री-पॉइंटर. डॅनी ग्रीनचा हुकलेला कुठलाही शॉट. प्रत्येकाला ‘हे नसतं तर’ लागू पडतं, म्हणून कुठल्याही एकाला निवडणं ही आपली आवड असते, तक्त्याचा निकाल नव्हे. शिवाय एक गुण बदलला की पुढचं सगळं बदलतं. चार गुणांनी मागे असलेला संघ तीनने मागे असल्यासारखा खेळत नाही, त्यामुळे ‘बाकी सगळं तसंच’ हे गृहीतकच टिकत नाही.

वेळ काढून या मॅचचा बॉक्स स्कोअर आणि प्ले-बाय-प्ले नोंद शेजारी शेजारी उघडा. २८.२ सेकंदं उरलेली असतानाच्या ९४-८९ पासून सुरुवात करा आणि पुढची प्रत्येक घटना तक्त्यात कुठल्या रकान्यात पडते ते लिहा. ज्या घटनांना रकाना सापडणार नाही त्यांची वेगळी यादी करा. डंकनचं बाकावर बसणं त्यात पहिलं येईल.