अराज्यवाद आणि श्रमिकसंघटना : काशीचा एक पुरावा

धर्मपाल यांचा ‘सिव्हिल डिसओबीडियन्स इन इंडियन ट्रॅडिशन’ हा ग्रंथ १९७१ साली वाराणसीच्या सर्व सेवा संघाने प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य प्रकरणही त्याच नगरीतले आहे. कंपनी सरकारने १८१० मध्ये बसविलेल्या घरपट्टीविरुद्ध काशीकरांनी सारे व्यवहार बंद पाडले. हजारो लोक शहराजवळ रात्रंदिवस ठाण मांडून बसले. प्रांतभरातून जमलेले लोहार त्यांत अग्रभागी होते. प्रेतांच्या अंत्यविधीलाही माणसे मिळेनात. अखेरीस सरकारला तो कर रद्द करावा लागला. असहकाराची रीत या देशात गांधीजींच्या पूर्वीपासून रुजलेली होती, हा धर्मपाल यांचा निष्कर्ष या पत्रव्यवहाराने निःसंशय बळकट होतो.

परंतु या कागदपत्रांचे महत्त्व एवढ्यावरच संपत नाही. १९०७ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या अराज्यवाद्यांच्या परिषदेत एक मूलगामी वाद झाला होता. कामगारसंघ हेच क्रांतीचे पुरेसे साधन आणि भावी समाजाचा पाया होय, असे फ्रान्सचे पिएर मोनात यांचे प्रतिपादन होते. इटलीचे एरिको मालातेस्ता यांना ते मान्य नव्हते. संघात अवश्य शिरावे, पण संघ हितसंबंधांवर उभा असल्याने स्वभावतः सुधारणावादीच राहतो. संप म्हणजे क्रांती नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

काशीचा प्रसंग प्रथमदर्शनी मोनात यांची बाजू उचलून धरतो. राजसत्तेच्या वा पक्षाच्या आधाराविना केवळ कारागिरांच्या एकजुटीने शहर थांबले. मात्र दंडाधिकाऱ्याचा अहवाल बारकाईने वाचला म्हणजे चित्र पालटते. लोक आपापल्या वर्गानुसार वेगवेगळे बसले होते आणि सामील होण्यास कचरणाऱ्यांना शिक्षा दिली जात होती, असे तो लिहितो. साक्षीदार विरोधी पक्षाचा आहे, हे ध्यानात ठेवूनही ही साक्ष डावलता येत नाही. दंड नाहीसा झाला नव्हता. तो केवळ सरकारच्या हातून जमातीच्या हाती गेला होता. कर हटताच जो तो आपल्या पूर्वीच्या स्थानी परतला. मालातेस्ता यांची शंका येथे खरी ठरते.

धर्मपाल यांच्या विवेचनाचा भर राज्यकर्ते आणि प्रजा यांच्या संबंधांवर आहे. प्रजेच्या अंतर्गत संबंधांचा विचार त्यामानाने तोकडा पडतो. जातिव्यवस्थेने श्रमिकांनाच परस्परांपासून तोडले, हा आंबेडकरांनी १९३६ साली मांडलेला विचार येथे निकष म्हणून लावावयास हवा होता. विनोबांच्या शासनमुक्त समाजाच्या कल्पनेलाही हाच प्रश्न विचारावा लागतो. शासन गेले, एवढ्याने भागत नाही. संघटनेला नकार देणाऱ्या दुबळ्या कारागिराला तेथे निर्भयपणे राहता येते काय? या प्रश्नाची सामग्री धर्मपाल यांनीच आपल्या हाती दिली, हे त्यांचे ऋण मान्य करून उत्तर मात्र आपले आपणच शोधले पाहिजे.