क्यूटीमधील धागे : नाव एक, काम दुसरेच

समजा, पडद्यावरचे बटण दाबताच लांबलचक आकडेमोड सुरू झाली आणि खिडकी ढिम्म हलेना. कारण साधे आहे. खिडकी रंगवणे आणि बटणांची दखल घेणे ही कामे एकाच मुख्य धाग्याकडे असतात, आणि तोच आकडेमोडीत अडकला आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणाऱ्या 'क्यूटी'त म्हणून आकडेमोड दुसऱ्या धाग्याला द्यायची. त्याने मात्र खिडकीला हात लावायचा नाही, उत्तर सिग्नलने कळवायचे. २००५ च्या चौथ्या आवृत्तीपासून असा निरोप रांगेत थांबतो व मुख्य धागा तो सवडीने उचलतो. ही रचना मला फार आवडते.

खटकते ते 'क्यूथ्रेड' हे नाव. ही वस्तू म्हणजे धागा नव्हे, धाग्याचा मुकादम. आणि मुकादम राहतो जुन्याच धाग्यात! नव्या धाग्यात चालते ते 'रन'. मुकादमाच्याच वर्गात लिहिलेला स्लॉट, निरोप येताच, जुन्या धाग्यात चालतो. विद्यार्थ्याला वाटते काम बाहेर पाठवले, आणि खिडकी पुन्हा थिजते. पुस्तकी उदाहरणे क्षणात संपतात, त्यामुळे ही चूक वर्गात दिसतही नाही.

'क्यूप्रोसेस' त्यापेक्षा सरळ. प्रोग्रॅम वेगळा, स्मृतीही वेगळी. तो कोसळला तरी खिडकी शाबूत. पण मुख्य धाग्यात 'वेटफॉरफिनिश्ड' लिहिले, की वेगळी मुदत न दिल्यास ३० सेकंदांपर्यंत खिडकी गोठू शकते. तिथे 'फिनिश्ड' हा सिग्नल जोडावा.