कोरेगांवचें पदक : पुरावा म्हणून त्याची किंमत

पदकें जमविणारांत असा एक समज रूढ आहे कीं, पदकाच्या कांठावर ज्याचें नांव तो लढाईंत होता व ज्याच्या नांवाचें पदक नाहीं तो नव्हता. पैकीं पहिलें विधान बहुतेक ठिकाणीं टिकतें. दुसरें मुळींच टिकत नाहीं. कोरेगांवच्या पदकावरून हें स्पष्ट होईल.

३१ डिसेंबर १८१७ रोजीं रात्रीं कॅप्टन स्टाँटन शिरूरच्या छावणींतून पुण्याकडे निघाला. त्याजबरोबर मुंबईच्या देशी पायदळाची एक पलटण, कांहीं घोडदळ व मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. दुसऱ्या दिवशीं भीमेकांठीं कोरेगांवास पेशव्यांच्या फौजेशीं गांठ पडली. तोफांवर यूरोपियन गोलंदाज अवघे पंचविसांच्या आसपास; त्यांतील १२ ठार व ८ जखमी झाले. त्यांचा अधिकारी लेफ्टनंट चिझम हाही पडला.

या लढाईचें पदक मंजूर झालें तें १८५१ सालीं, म्हणजे ३३ वर्षांनीं. पदक रुप्याचें, फीत फिकट निळी, एका अंगास राणी व्हिक्टोरियाची मुद्रा, दुसऱ्या अंगास बसलेली विजयदेवता. तिच्याखालीं १७९९–१८२६ असे सन आहेत. परंतु फितीवरील लढायांच्या पट्ट्यांत सर्वांत जुनी अलीगडची, ती १८०३ ची. तेव्हां पदकावरचा सनही पारखूनच घ्यावा लागतो. कोरेगांवची पट्टी रोमन अक्षरांत ‘कोरीगॉम’ अशी आहे.

खरी मेख पदकाच्या अटींत आहे. १८५१ पर्यंत जो हयात होता व ज्यानें मागणी केली त्यासच तें मिळालें. स्टाँटन १८२५ सालींच वारला. अर्थात् त्या दिवशींच्या सेनानायकालाच हें पदक नाहीं! मग जखमी होऊन पुढें निवर्तलेल्या गोलंदाजाची, किंवा ज्याच्या गांवापर्यंत या पदकाची वार्ताच पोंचली नाहीं अशा वृद्ध शिपायाची कथा काय?

कोरेगांवच्या स्तंभावर मृतांचीं नांवें आहेत, पदकांवर दीर्घायुषी लोकांचीं. या दोहोंमधील मोठा वर्ग केवळ पलटणीच्या हजेरीपटांतच सांपडावयाचा. पेशव्यांकडील शिलेदार व अरब यांस तर असलें पदकच नाहीं. त्यांचा शोध दप्तरांतूनच केला पाहिजे.

म्हणून शिरूर-दौंडकडे कोणास असें पदक लाभल्यास कांठावरील नांव व पथक प्रथम टिपावें, पट्टी मागाहून जोडलेली नाहीं ना हें पाहावें, आणि मग तें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या कागदांशीं ताडावें. एवढें झाल्यावांचून त्यास ऐतिहासिक साधन म्हणतां येणार नाहीं, असें आमचें मत आहे. तोंपर्यंत तें रुप्याची एक सुबक वस्तु होय, इतकेंच.